चूल कुणी विकत घेतं का?

घरोघरी मातीच्या चुली, असं म्हणतात. म्हणणाऱ्याला एवढंच सांगायचं असतं की कटकटी सगळ्यांकडे सारख्याच. पण पिंपरीत एक काळ असा होता की घरोघरच्या त्या चुलींतल्या कितीतरी माझ्या हातच्या होत्या. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरं, बढाई म्हणूनच सांगते. नदीची माती, रस्त्यावरचं शेण आणि कुणी फेकून दिलेली फुटकी घमेली एवढ्या भांडवलावर ज्या बाईनं धंदा उभा केला, तिनं थोडी बढाई मारली तर कुणाच्या पोटात दुखायचं कारण नाही.

लग्न होऊन मी चिखलीला आले तेव्हा घरात सासूबाई, थोरले दीर, जाऊबाई, त्यांची मुलं आणि आम्ही दोघं होतो. चूल सगळ्यांची एक, आणि चुलीपुढचा पाट सासूबाईंचा. तेव्हा पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहत होता, आणि आमचे हे तिथं बिगारी म्हणून जायचे. पहाटे भाकरी बांधून घेऊन चालत निघायचे आणि अंधार पडल्यावर चालत परत यायचे. रात्री पाय सुजलेले असायचे. एक दिवस मीच म्हटलं, पिंपरीत खोली घेऊ. ह्यांनी ती गोष्ट आईपुढे काढली आणि घरात सुतकच पडलं.

आमच्याकडे घर फुटलं असं कुणी तोंडानं म्हणत नाही, 'चूल वेगळी झाली' म्हणतात. आता कामधंद्यासाठी पोराला लांब राहावं लागतं, हे काय आमच्या म्हाताऱ्यांना कळत नव्हतं? कळत होतं, आणि त्यासाठी एक रीतही होती. मुलगा-सून बिऱ्हाड करायला निघाली की सासू आपल्या चुलीतला विस्तव खापरात घालून सुनेच्या हातात द्यायची. त्या विस्तवानं नवी चूल पेटली की चूल दुसरी पण घर एकच. विस्तव न घेता बाहेर पडली ती मात्र वेगळी झाली. मग तिच्या दारात कुणी पाणीसुद्धा प्यायचं नाही.

निघायच्या सकाळी मी खापर घेऊन चुलीपाशी उभी राहिले. सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"माज्या चुलीचा इस्तू तुला मिळायचा न्हाई," त्या म्हणाल्या. "पोरगं माजं, आन् चूल तुजी. जा."

"काडेपेटी मिळते बाजारात," मी म्हटलं, आणि खापर तिथंच ठेवून बाहेर पडले.

माझ्या जिभेला हाड नाही, असं माझी आई म्हणायची. हाड नव्हतंच. डोक्यावर बोचकं आणि पोटात राग घेऊन मी पिंपरीत शिरले.

खोली गावठाणात होती, एका घराच्या मागच्या अंगाला. पुढच्या घरात घरमालकीण, तिचा मुलगा आणि सून. मी एका दिवसात माती आणून चूल घातली आणि वाळल्यावर काडेपेटीनं पेटवली. पेटली की. चुलीला काय कळतं कुठला विस्तव ते. पण ह्यांनी पहिला घास हातात धरला आणि जरा वेळ तसाच धरून ठेवला. मला ते दिसलं आणि वाईट वाटलं, पण मी दाखवलं नाही.

दिवाळी झाली, आणि कारखान्याच्या भिंतींचं काम संपलं. बिगाऱ्यांना सांगितलं, आता यंत्रं बसायची आहेत, ती बसली की आतली भरती निघेल, तेव्हा या. कधी, ते कुणी सांगेना. हे रोज दारावर जाऊन यायचे. एका संध्याकाळी येऊन भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "पाडव्यापर्यंत बगू. न्हाईतर चिखली."

चिखलीच्या माणसांचं मला वावडं नव्हतं. पण विस्तवाशिवाय बाहेर पडलेली सून परत जाते ती मान खाली घालून, आणि पुढं जन्मभर ती मान वर होत नाही. तिला भाकरी मिळते, पण प्रत्येक भाकरीबरोबर 'काडेपेटी' ऐकायला मिळते. ते मला जमणार नव्हतं. मी ह्यांना म्हटलं, पाडव्याला आपण इथंच गुढी उभारणार. कशाच्या जोरावर म्हटलं, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

ते कळलं कँपाच्या रस्त्यावर. सिंधमधलं घरदार टाकून आलेले लोक तेव्हा कँपात राहत. त्यांच्यातली एक बाई रस्त्याकडेला पापड विकायची. मागं तीन विटांवर तिची डाळ असायची. वारा इकडून यायचा, जाळ तिकडून निसटायचा, आणि डाळ काही शिजायची नाही. मी जाता येता ते बघायची. माझा स्वभाव असा की दुसऱ्याचं वाईट चाललेलं काम मला बघवत नाही. भीक मागणारा दिसला तर एक वेळ पुढं जाईन, पण वाकडं झाडणारी बाई दिसली तर तिच्या हातातला झाडू घेईन. चौथ्यांदा की पाचव्यांदा ती डाळ बघितल्यावर मी तिच्यापुढं उभी राहिले आणि म्हटलं, "बाई, ही डाळ ह्या जन्मात शिजायची नाही."

तिला मराठी येत नव्हतं आणि मला तिची भाषा येत नव्हती. पण डाळीकडे बोट दाखवून तोंड वाकडं केलं की कुठल्याही बाईला समजतं. ती हसली. "चुल्हा कहाँ से लाऊँ, भाभी?" म्हणाली. "मिट्टी भी पराई, ज़मीन भी पराई."

ते मला लागलं. माती परकी कशी? पवनेच्या काठाला पडली आहे ती.

काठची नुसती काळी माती वाळली की तडकते. तिच्यात गाळाची माती, शेण, भाताचं तूस आणि थोडी राख घालावी लागते, आणि पोळीच्या कणकेपेक्षा जास्त तिंबावी लागते. कितीही घाई असली तरी वाळवायची सावलीतच. हे मला माझ्या आईनं शिकवलं होतं, आणि गावाकडच्या सगळ्याच बायकांना येतं, त्यात काही मोठेपणा नाही. माझं डोकं चाललं ते पुढं. त्या बाईला जागा पक्की नव्हती, आज इथं तर उद्या तिथं. जमिनीत घातलेली चूल तिच्या काय कामाची? कारखान्याच्या कामावर फुटलेली घमेली ढीगभर पडलेली असायची. ह्यांनी त्यातलं एक मागून आणलं. त्या घमेल्यातच मी चूल घातली, समोर जाळाचं तोंड, आणि बाजूला वैल. वैल म्हणजे चुलीला जोडून असलेलं दुसरं छोटं तोंड. मोठ्या तोंडातला जाळ आतून तिकडं जातो, आणि एकाच लाकडावर इकडं भाकरी होते, तिकडं कालवण. वाळल्यावर पोतेरं फिरवलं, गेरूची दोन बोटं ओढली, आणि घमेल्यासकट चूल डोक्यावर घेऊन कँपात गेले. उचलावी आणि न्यावी, म्हणून मी तिला उचलचूल म्हणायची.

पापडवाली चुलीकडे बघतच राहिली. मग तिनं खुणा करत माझ्याकडे विस्तव मागितला. त्यांच्यातही पहिला जाळ म्हाताऱ्या माणसाच्या चुलीतून आणायचा असतो म्हणे, आणि त्यांचं म्हातारं माणूस, चूल, सगळं तिकडंच राहिलं. मी म्हटलं, बाई, माझ्याकडेही तसला विस्तव नाही, माझीच चूल काडेपेटीची आहे. तिला किती कळलं कोण जाणे. तिनं काडी ओढली, आणि त्या दिवशी डाळ शिजली. बदल्यात तिनं मला पापडांची चवड दिली. मी नको म्हटलं नाही. कष्टाचं कुणी काही देत असेल तर नको म्हणू नये, हे माझं तेव्हापासूनचं मत आहे.

पुढच्या बाजाराला ती दोन बायकांना घेऊन आली. मग चाळींतल्या बायका यायला लागल्या. बीडकडच्या, सोलापूरकडच्या, कोकणातल्या, सगळ्या नवऱ्याच्या पाठोपाठ एका पेटीनिशी आलेल्या. चाळमालक जमिनीत चूल घालू द्यायचे नाहीत, आणि दर पावसाळ्यानंतर खोली बदलायची. त्यांना उचलचूल म्हणजे देवच पावला. कोकणातल्यांना मोठ्या भाताच्या भांड्यासाठी तोंड रुंद लागायचं, बीडच्या बाईला तवा बसायला ते पसरट हवं असायचं. मी माप विचारायची नाही. भांडं घेऊन या म्हणायची, आणि ओल्या मातीवर ते भांडंच बसवून बघायची.

घरमालकीण ओट्यावर बसून हे सगळं बघायची. "चूल कुनी इकत घेतं का? मी म्हातारी झाली, पन आसलं कदी ऐकलं न्हाई," ती म्हणायची, आणि शेजारणींना गोळा करून हसायची. मी हात मातीत ठेवूनच म्हणायची, "मावशी, तुम्ही हसा. तुमचं भाडं ह्याच मातीतून येतंय." भाडं येत होतं, हे खरं. हे कारखान्याच्या दारावर जाऊन आल्यावर माझी माती तिंबायला बसायचे. गावातले पुरुष टिंगल करायचे, "काय राव, बायकोच्या हाताखाली बिगारी का?" हे म्हणायचे, "हितं मुकादम कडक हाय, भावा." असा नवरा मिळायला नशीब लागतं.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मी एक शब्द चुकीचा बोलले.

घरमालकिणीची सून बाळंत होऊन नुकतीच माहेरून आली होती. गरीब पोरगी, सासूपुढं तोंड उघडायची नाही. एक दिवस पाणी भरताना माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मला बी एक चूल करा ना. पन मोटी नगं." सकाळच्या वेळी घरातली चूल रिकामी नसायची, आणि बाळाच्या अंघोळीचं पाणी कोमटच राहायचं. मी तिच्यासाठी छोटी, गोलसर, अगदी दृष्ट लागेल अशी चूल केली. कडेनं वेलबुट्टी काढली. मग भर दुपारी, ओट्यावर सगळ्या शेजारणी गहू निवडत बसलेल्या असताना, ती डोक्यावर घेऊन मिरवत पुढच्या दारात गेले.

"कुनाची गं चूल?" घरमालकिणीनं विचारलं.

आता मी काय म्हणायला हवं होतं? न्हाणीची. नाहीतर बाळाची. पण मी माझ्याच कामावर खूश. मान वर करून ठसक्यात म्हटलं, "तुमच्या सुनेची."

सुपातले गहू सुपात राहिले. एकत्र घर, एकुलता एक मुलगा, आणि सगळ्या गावादेखत सुनेची चूल दारात येते. शहरातल्या माणसाला ह्यात काय झालं ते कळणार नाही. आमच्या भागात ते दारावर नोटीस चिकटवण्यासारखं आहे. घरमालकीण सूप बाजूला सारून उभी राहिली.

"माज्या पोराला माज्यापासनं तोडती व्हय?" सुनेला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आन् तू. सोताचं घर फोडून आलीस, आता माजं फोडायला निघालीस. पाडव्याला खोली रिकामी कर."

मी सांगायला गेले, पण ऐकतो कोण. सून दाराआड उभी राहून रडत होती, तिच्या तोंडून शब्द फुटेना. चूल अंगणात तशीच राहिली. संध्याकाळपर्यंत गावठाणात माझं नाव 'घरफोडी' पडलं. ठरवलेल्या चुली न्यायला कुणी येईना. एका बाईनं तर नेलेली चूल परत आणून माझ्या दारात ठेवली, त्यात भाकरी भाजल्याचा काळा डाग होता. मला रडू यायला हवं होतं, पण संताप आला. एवढ्या चांगल्या चुलीत काय वाईट होतं?

दुसऱ्या दिवशी हे काही न बोलता चिखलीला गेले. मला कळलं कशासाठी ते. आम्ही परत येतोय, हे आईला सांगायला. मी दिवसभर माती तिंबत बसले. मागणी नव्हती तरी तिंबत बसले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर हे परत आले, आणि त्यांच्यापुढं सासूबाई. चिखलीपासून चालत. पायाला धूळ, आणि कमरेवर पदराखाली एक मडकं. मला वाटलं दही असेल. दाराशी आल्यावर त्यांनी ते मडकं सावलीत ठेवलं आणि मला म्हणाल्या, "हात नगं लावू." मग आत न येता तशाच पुढच्या अंगणात गेल्या. मी मागोमाग.

घरमालकीण ओट्यावर होती. सासूबाईंनी राम राम नाही केला की काही नाही.

"माज्या सुनेला घरफोडी तू म्हनलीस?"

"म्हनले. सगळा गाव म्हंतोय."

"गावाला काय करायचंय. तिला म्हनायचं आसंल तर मी म्हनीन. ती माजी सून हाय. तू कोन?"

एवढ्या महिन्यांत त्या मला आपली सून म्हणतील, आणि तेही भांडताना, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मग सासूबाईंनी दाराआडच्या पोरीला हाक मारली. "ये पोरी, हिकडं ये. चूल तुला कशाला पायजे व्हती?"

पोरगी बाळाला छातीशी धरून आली आणि म्हणाली, "ह्याच्या पान्याला."

"ऐकलंस?" सासूबाई घरमालकिणीला म्हणाल्या. मग पोरीकडे वळल्या. "आन् तू गं, दोन दिस तोंडात मिठाची गुळणी धरून बसली व्हतीस? सासू काय खानार व्हती का तुला?" मग माझ्याकडे बघून, "आन् हिला तर बोलायचं कळतच न्हाई. न्हाई बोलायचं ते बोलंल, आन् बोलायचं ते ऱ्हाईल."

घरमालकिणीचा चेहरा पडला होता, पण ती माघार घेणारी नव्हती. "मंग आदी सांगायचं. दुसरी चूल ती दुसरीच."

"तुज्या चुलीतला इस्तू काढ," सासूबाई म्हणाल्या. "तुज्या हातानं ह्या चुलीत घाल. मंग सांग कुनाची चूल ती."

घरमालकीण ओट्यावरून उठली. मग आत गेली, आणि चिमट्यात निखारा धरून आली. अंगणातल्या त्या वेलबुट्टीच्या चुलीत तिनं तो ठेवला, वाकून फुंकर मारली आणि सुनेला म्हणाली, "उबी काय ऱ्हायलीस, पानी ठेव." एवढंच. खोलीचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता मला आनंद व्हायला हवा की नको? झालाच. पण त्याच्या पाठोपाठ असा राग आला की सांगता येत नाही. दुसऱ्याच्या दारात येऊन विस्तव द्यायला लावतात, आणि स्वतःच्या सुनेला? खोलीत शिरताच मी म्हटलं, "आत्याबाई, लोकांना शिकवणं सोपं असतं."

हे मला डोळ्यांनी खुणावत होते, गप्प बस. सासूबाईंनी काही ऐकल्याचं दाखवलं नाही. त्या माझ्या चुलीपुढं बसल्या आणि तिच्याकडे बघून म्हणाल्या, "सगळ्या गावाच्या चुलींना वैल घालती, आन् सोताच्या चुलीला एकच तोंड व्हय? आमी आलो तर कालवन कशावर करनार?"

खरंच होतं. माझ्या चुलीला वैल नव्हती. दोनच माणसं, कशाला, म्हणून मी घातलीच नव्हती.

मग त्यांनी माझ्या चुलीतली सगळी राख बाहेर काढली आणि ते मडकं पुढं ओढलं. दही नव्हतं. गळ्यापर्यंत राख होती. त्यांनी ती बोटांनी हलक्या हातानं बाजूला केली, तर खाली गोवरीचा तुकडा आतून लाल धगधगत होता. चिखलीच्या चुलीतला. वाटेत विझू नये म्हणून राखेत पुरून, उन्हातून, पदराखाली धरून आणलेला.

"काडेपेटी बाजारात मिळती," त्या म्हणाल्या. "ह्ये मिळत न्हाई."

त्यांनी तो चुलीत ठेवला आणि मला म्हणाल्या, फुंक. मी फुंकलं. जाळ झाला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते थांबेना.

"लाकडं वली हायेत तुजी," सासूबाई म्हणाल्या.

लाकडं खडखडीत वाळलेली होती. हे त्यांनाही दिसत होतं.

त्या दिवशी त्या आमच्याकडे जेवल्या. पाणीही प्यायल्या. पाडव्याला गुढी पिंपरीतच उभी राहिली, आणि त्यानंतर कारखान्यातली भरती निघाली तोवर माझ्या दारात पुन्हा चुलींची रांग लागली होती. तेव्हापासून मी एक नियम केला. चूल देताना आधी विचारायची, पहिला विस्तव कुणाच्या हातचा? घरातल्या मोठ्या बाईनं हो म्हटल्याशिवाय मी घमेलं उचलायची नाही.

पण त्याआधीची एक गोष्ट राहिली. सासूबाई त्या दिवशी जेवून उठत होत्या, तेवढ्यात दारात पापडवाली आली. घरफोडीची बातमी कँपात पोचली होती म्हणून ती मला बघायला आली होती. तिनं चुलीजवळची राख, मडकं, सगळं पाहिलं आणि काय ते ओळखलं. काही मागितलं नाही. नुसती उभी राहिली. मी सासूबाईंकडे बघितलं. परक्या मुलखातली, परक्या भाषेची बाई, त्यांना चालेल न चालेल.

"हिचं काय?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, हिच्या घरचा विस्तव तिकडंच राहिला, हिची चूलही काडेपेटीची आहे.

सासूबाईंनी चिमटा उचलला. "मंग दे की. दिल्यानं कमी व्हतो व्हय इस्तू?" असं म्हणून त्यांनी स्वतःच एक निखारा मडक्यातल्या राखेत पुरला आणि ते मडकं पापडवालीच्या हातात दिलं. तिनं ते दोन्ही हातांनी धरलं, कपाळाला लावलं आणि निघून गेली.

ती गेल्यावर सासूबाईंनी चिमटा खाली ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "इस्तू कुनालाबी दे. पन चूल मातुर फुकट देऊ नगंस. धंदा हाय तुजा."